‘ग्रेव्ही’ आणि आपला ‘च’



मला ‘आयटी’वर बोलायला सांगितलंय. पण ते तुमची मुलं रोज ऐकवतातच, म्हणून मी इंग्रजी बोलण्यातल्या सुराबद्दल बोलते.

आपल्याला इंग्रजी भेटलं पाचवीत. ‘माझ्यामागून म्हणा’ करत व्याकरण असं पक्कं झालं की आजही माझं पोट त्यावर चालतंय. सूर शिकवायचा राहिला, कारण परीक्षा लेखी.

जॉन गम्पर्झ या भाषाशास्त्रज्ञाच्या १९८२च्या पुस्तकात एक प्रसंग आहे. ब्रिटनमधल्या विमानतळाच्या कँटीनमध्ये नव्याने लागलेल्या भारतीय-पाकिस्तानी बायका वाढताना म्हणायच्या, “ग्रेव्ही.” सूर खाली. इंग्रज बाई तोच शब्द सूर वर नेऊन म्हणायची. खालच्या सुरामुळे ‘हवी का?’ऐवजी ‘ही घ्या’ असं ऐकू यायचं आणि आपल्या बायका उर्मट ठरायच्या. शब्द तोच, मग राग कसला, हे त्यांना कळेना. रेकॉर्डिंग ऐकवून चर्चा केली तेव्हा उलगडा झाला.

मराठीत आपलं काम ‘च’ करतो. मीच सांगितलं, त्यालाच सांगितलं, सांगितलंच. इंग्रजीत ‘आय टोल्ड हिम’ हे तीनच शब्द, फरक आवाजाने करायचा. ‘तर’चंही तसंच. बर्मिंगहॅमच्या डेव्हिड ब्राझील यांनी मांडलं की ऐकणाऱ्याला ठाऊक असलेल्या गोष्टीवर सूर उतरून पुन्हा चढतो, नव्या गोष्टीवर नुसता उतरतो. आपल्या खोडदच्या दुर्बिणीवर इंग्रजीत बोलताना ‘तीस अँटेना’ आधी सांगून झालं असेल तर तिथे सूर उतरून चढवायचा, ‘पंचेचाळीस मीटर व्यास’ नवीन, तिथे उतरवायचा. दोन्ही एकाच पट्टीत म्हटलं की हुशार मुलीचं सादरीकरणही पाठांतर वाटतं. मुलाखतीत मी हे फार पाहते, आणि वाईट वाटतं.

आपल्या भागातून येणाऱ्या मुलांना मी दोन मिनिटांचं भाषण लिहायला लावते. श्वास घ्याल तिथे रेघ मारा; दोन रेघांमध्ये मराठीत ‘च’ कुठे लागला असता, त्या एकाच शब्दाखाली खूण करा. मग मोबाइलवर रेकॉर्ड. ‘प्राट’ हे ॲम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं मोफत सॉफ्टवेअर आवाजाची चढउतार रेघेत दाखवतं. स्वतःची सपाट रेघ पाहून पोरं आधी हसतात, मग पुन्हा म्हणून बघतात. गोऱ्यांसारखा उच्चार कुणी मागत नाही. जुन्नरी ‘व्ही’ राहू द्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीच्या वर्गावर हे करून बघायला बाईंनी दोन तास दिलेत. रेकॉर्डिंग होईल असे जुने मोबाइल घरात पडून असतील तर आणून द्या. सहा पुरतील.