मफलरमागची कॉलर

आज घरूनच, पनवेलमधून रेकॉर्ड करतोय. मागे हायवेचा आवाज येईल, चालवून घ्या.

मी ख्रिस्ती आहे, आणि रविवारी पहाटे जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीला जाणाऱ्या बाइकवाल्यांपैकीही आहे. उपासना बुडते म्हणून आई चिडते. त्यावर मी तिला बिल शेरगोल्ड यांची गोष्ट सांगितली.

हे लंडनच्या हॅकनी विक भागातले पाद्री, स्वतः मोटरसायकल चालवायचे. तेव्हा तिथल्या लेदर जॅकेटवाल्या पोरांना 'रॉकर्स' म्हणत. लोक त्यांना टरकून असायचे. त्यांचा अड्डा एस कॅफे. 1962 मध्ये शेरगोल्डना वाटलं, या पोरांना चर्चमध्ये बोलवावं. पहिल्यांदा निघाले तेव्हा पाद्र्याची कॉलर दिसू नये म्हणून गळ्याला मफलर गुंडाळला, आणि कॅफेसमोर हिंमतच झाली नाही, सरळ पुढे निघून गेले! नंतर मात्र परत गेले. पोरांनी त्यांना चहा पाजला. पोरं आली, बाइक थेट चर्चच्या आत लावल्या, आणि त्यांच्यावर आशीर्वाद मागितला गेला. त्यातूनच चर्चच्या 'फिफ्टी नाइन क्लब'चा मोटरसायकल विभाग उभा राहिला.

मला भावतो तो मफलर. कारण माझ्याकडेही आहे.

मागच्या पावसाळ्यात आमच्या ग्रुपमधला एकजण बोरघाटात घसरला, पाय मोडला. मी ऑफिस सुटलं की रोज हॉस्पिटलमध्ये जायचो. बॅगेत नवा करार असायचा, एकदाही बाहेर काढला नाही. आठवड्याभराने त्याच्या आईने विचारलंच, "बाळा, तू रोज येतोस, आमच्याकडून काही हवंय का तुला?"

"नाही काकू," म्हटलं. पण घरी येताना वाटलं, हे शंभर टक्के खरं होतं का? त्याने येशूबद्दल विचारावं, असं मला आतून वाटत होतंच की. ते लपवणंही खोटं, आणि आजारी माणसाच्या उशाशी बसून ते पुढे करणं तर त्याहून वाईट. अजून उत्तर सापडलेलं नाही.

शेवटी मी त्याला हे सगळं सांगून टाकलं. तो हसला. म्हणाला, "माहितीय रे, बॅगेची चेन उघडीच असते तुझी." मग म्हणाला, "दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतोच. तुमचे पाद्री बाइकला आशीर्वाद देतील का?"

आमच्या पाळकांना विचारलंय. त्यांचा पहिला प्रश्न: चौदा बाइक आवारात मावतील का?