चोवीस तासांचा चोख हिशेब



मूत्रपिंडे ही शरीराची अहोरात्र राबणारी मुनीमजी होत. दिवसभरात ती रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातील बहुतेक सर्व पुन्हा रक्तात जमा करतात आणि केवळ दीड-दोन लिटर लघवीवाटे खर्ची टाकतात. पाणी, सोडियम व पोटॅशियम यांचा समतोल याच हिशेबावर उभा असतो.

हल्ली रक्तातील क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडांच्या कार्याचा अंदाज काढतात व बहुतेकांना तो पुरतो. तथापि क्रिएटिनिन स्नायूंतून निर्माण होते आणि मांसाहाराने वाढते. त्यामुळे शाकाहारी, कृश अथवा वयोवृद्ध व्यक्तीची मूत्रपिंडे दुबळी झाली असतानाही रक्ताचा आकडा निर्दोष दिसू शकतो. अशा वेळी, तसेच मूतखड्याचे कारण शोधताना, डॉक्टर चोवीस तासांची लघवी तपासावयास सांगतात.

रीत सोपी आहे. सकाळी ७ वाजता पहिली लघवी टाकून द्यावी व वेळ लिहून ठेवावी. त्यानंतरची प्रत्येक लघवी, दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ची धरून, प्रयोगशाळेने दिलेल्या बाटलीत साठवावी. बाटली थंड जागी ठेवावी. तिच्यात आधीच औषध घातलेले असल्यास ते ओतून टाकू नये.

खरी चूक होते ती संकोचापोटी. भाईंदरहून लोकलने मुंबईच्या बाजारात जाणारा व्यापारी बाटली बरोबर नेण्यास लाजतो. समजा, २४ तासांत १४४० मिलिलिटर लघवी झाली आणि हिशेबाने गाळणक्षमता मिनिटाला १०० मिलिलिटर आली. त्यातील ३६० मिलिलिटर बाहेरच गेली, तर तीच क्षमता ७५ दिसेल. निरोगी माणूस रुग्ण ठरेल. उलट, पहिली टाकावयाची लघवीही साठवली, तर रुग्ण निरोगी ठरेल आणि हे अधिक घातक. म्हणून घरी राहता येईल असा दिवस निवडावा. एखादी वेळ चुकली तर लपवू नये. सरळ सांगून तपासणी पुन्हा करावी.

याच बाटलीतून स्वयंपाकघराचाही हिशेब निघतो. खाल्लेल्या सोडियमपैकी सुमारे ९० टक्के लघवीतून बाहेर पडते. अहवालात १७० मिलिमोल सोडियम आले, तर किमान १० ग्रॅम मीठ पोटात गेले असे समजावे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमहून कमी आहे. पापड, लोणचे, फरसाण व खाखरा यांतील मीठ येथे उघडे पडते.

उपवासात पाणी कमी होते, लघवी घटते व मूत्रपिंडे सोडियम राखून ठेवतात. त्यामुळे पर्युषणातील आकडा नेहमीच्या दिवसांचा ठरत नाही. डॉक्टरांनी मुद्दाम सांगितल्याशिवाय त्या दिवसांत ही तपासणी करू नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, अथवा रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, अठ्ठाई वा चौविहार उपवासाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. तपश्चर्या विवेकाने व्हावी, हीच शास्त्राची शिकवण आहे.

वहीत एक नोंद राहिली तर ताळेबंद जुळत नाही. बाटलीचेही तसेच आहे. फरक इतकाच, की येथे तोटा पैशांचा नसून आयुष्याचा असतो.

जयजिनेंद्र!