सुताराच्या हाती आराखडाही हवा

(दिल्ली परिसरातील मराठी रेल्वे व टपाल कामगारांसमोर केलेले भाषण)



आजचा विषय महागाई भत्त्याचा नाही, पेन्शनचाही नाही. निकाल लागले की आपल्या वसाहतींत घरोघरी जो प्रश्न निघतो, त्याचा आहे. पोराने पुढे काय शिकायचे? 'अभ्यासात लक्ष नाही, हाताने मात्र काहीही बनवतो,' असे एखादा बाप खाली मान घालून सांगतो. मान खाली घालण्याचे काही कारण नाही, हे सांगण्यासाठी मी उभा आहे. लाकूडकाम आणि फर्निचरचे डिझाइन हा कॉलेजात शिकण्याचा विषय आहे आणि त्यावर आपल्या मुलामुलींचा पुरेपूर हक्क आहे.

हा विषय श्रीमंतांच्या दिवाणखान्याचा आहे, असा आपला समज. पण आर.एम.एस.मधल्या साथींनी आठवून पाहावे. सॉर्टिंग केससमोर रात्रपाळी काढताना वरचा खण हाताला येत नाही, खालच्यासाठी कंबर मोडते. तिकीट खिडकीवरच्या साथीला स्टुलाची उंची आणि काउंटरची उंची यांचे भांडण रोज सोसावे लागते. ते स्टूल, तो खण कोणीतरी कागदावर आखलेला असतो. आखणाऱ्याने तिथे आठ तास काढले असते, तर त्याची माप वेगळी आली असती. बसणाऱ्याचे दुखणे जाणणारा माणूस आराखड्यापाशी हवा, म्हणून हा विषय कामगारांचा आहे.

यात शिकण्यासारखे काय आहे, असेही विचारतात. एकच उदाहरण देतो. तोडलेले, कापलेले लाकूडही हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहते. मे महिन्यात दिल्लीत लू वाहते तेव्हा ते आकसते, श्रावणात फुगते. हा फरक लांबीत नगण्य, रुंदीत मात्र चांगलाच पडतो. म्हणून जाणता सुतार टेबलाची रुंद फळी चारी बाजूंनी खिळून टाकत नाही. तिला हलायला जागा ठेवतो. भारतीय मानक ब्यूरोच्या आय.एस. २८७ या मानकात हवामानानुसार देशाचे चार विभाग पाडले आहेत आणि कोणत्या विभागात कोणत्या कामाच्या लाकडात किती ओलावा चालेल, हे ठरवून दिले आहे. म्हणजे रंधा आणि पटाशी यांच्यामागे शास्त्र आहे, गणित आहे, भूगोलही आहे.

हे शिकण्याचे आज दोन दरवाजे आहेत. पहिला आय.टी.आय.चा. १९५० साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेत सुतारकामाचा ट्रेड एक वर्षाचा आहे. दुसरा डिझाइन कॉलेजचा. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली एक अहवाल दिला. आपल्या साध्या लोट्यापासून डिझाइन कसे शिकावे, हे त्यात सांगितले होते. त्यानंतर १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था म्हणजे एन.आय.डी. उभी राहिली. तिथे फर्निचर डिझाइनची स्वतंत्र शाखा आहे. बारावी कोणत्याही शाखेतून झालेली चालते, प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि पदवी चार वर्षांची आहे. दिल्लीहून अंबाल्याकडे जाणाऱ्या मार्गावर कुरुक्षेत्र येथेही २०१६ पासून हरियाणाची एन.आय.डी. आहे. आय.आय.टी. दिल्लीने २०२२ साली डिझाइनची पदवी सुरू केली. स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये औद्योगिक डिझाइनचे पदव्युत्तर शिक्षण मिळते.

साथींनो, खरी अडचण या दोन दरवाजांच्या मध्ये उभ्या असलेल्या भिंतीची आहे. एका दारातून गेलेला मुलगा करवत चालवायला शिकतो. नवी वस्तू आखण्याचे शिक्षण त्याला फारसे मिळत नाही. दुसऱ्या दारातून जाण्याचा खर्च लाखांच्या घरात, म्हणून आपले मूल तिथे पोहोचतच नाही. आखणारा एक, राबणारा दुसरा. मान एकाला, मजुरी दुसऱ्याला. आपल्या गावगाड्यात सुतार बलुतेदार होता. नांगर तो करी, खळ्यावर धान्य मिळे, पण त्याचे ज्ञान जातीच्या कुंपणात अडकलेले आणि त्याचा दर दुसऱ्याच्या मर्जीवर. आता नव्या रूपात तेच होऊ द्यायचे काय?

चंदीगडचे उदाहरण पाहा. १९५० च्या दशकात नवी राजधानी उभी राहताना पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली सरकारी कचेऱ्यांसाठी सागाच्या, वेताने विणलेल्या खुर्च्या तयार झाल्या. पुढे त्या जुन्या झाल्या म्हणून भंगाराच्या भावाने लिलावात गेल्या. त्याच खुर्च्या परदेशांतील लिलावांत लाखो रुपयांना विकल्या जाऊ लागल्या. अखेर २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाला त्या बाहेर जाऊ नयेत म्हणून आदेश काढावा लागला. जानरे यांचे नाव आज जगभर आहे. ज्यांनी ते लाकूड रंधले, सांधे बसवले, वेत विणला, त्या कारागिरांची नावे कोण सांगतो?

आणि काम नाही असे समजू नका. पश्चिम दिल्लीत कीर्तिनगरचा फर्निचर बाजार आहे. सहारनपूरला नक्षीकाम आहे. तिथून जवळच यमुनानगरला प्लायवूडचे कारखाने आहेत आणि शेजारी जगाधरीला उत्तर रेल्वेचे वर्कशॉप. हा सारा टापू रेल्वेने जोडलेला आहे. मात्र या बाजारात हातकामाच्या जागी यंत्र येत आहे. संगणकावर काढलेला आराखडा यंत्र थेट कापते. ज्याला फक्त कापणे येते, त्याची रोजी आधी जाईल. ज्याला आखणेही येते, तो टिकेल.

म्हणून संघटनेने तीन गोष्टी लावून धरल्या पाहिजेत. पहिली, रेल्वेच्या कर्मचारी हितनिधीतून आणि टपाल खात्याच्या कल्याण निधीतून मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांत डिझाइनचे शिक्षण स्पष्ट शब्दांत धरले जावे. दुसरी, आय.टी.आय. झालेल्या सुताराला डिझाइनच्या पदवीपर्यंत जाण्याची वाट मिळावी आणि त्यासाठी सरकारी संस्थांत राखीव जागा असाव्यात. तिसरी, १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली आपल्या वर्कशॉपमध्ये घेतल्या जाणाऱ्या सुतार उमेदवारांना आरेखन शिकवावे, आणि कचेरीचे फर्निचर ठरवताना त्यावर बसणाऱ्याला आधी विचारावे.

सरकार काहीच करत नाही असे मी म्हणत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यांत सुतारकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. ती जरूर घ्यावी. पण अवजारांची पेटी मिळाली म्हणजे शिक्षण मिळाले, असे होत नाही.

पालकांना एवढेच सांगणे आहे. मुलगी असो वा मुलगा, हात चालत असेल तर त्याला कमी लेखू नका. घरी एक मोजपट्टी, एक गुण्या आणि एक चित्रवही आणून द्या. मोडके स्टूल भंगारात टाकण्याआधी ते का मोडले, हे मुलाला शोधू द्या. बारावी मात्र सोडू देऊ नका, कारण पुढचा दरवाजा तिथूनच उघडतो. तो दरवाजा आपल्या खिशाला परवडेल असा करणे हे संघटनेचे काम आहे आणि ते आपण मिळून करू.

कामगार एकजूट झिंदाबाद!