बियांवरून झाडांची कुळे लावणारा जॉन रे

रात्री भिजत घातलेला हरभरा सकाळी बोटांत धरून चोळा. साल निघते आणि दोन डाळी अलग होतात. मक्याचा दाणा मात्र कितीही भिजवा, त्याच्या काही दोन डाळी होत नाहीत. आपल्या घरच्या बायामाणसांना हे नवे नाही. पण एवढ्याशा भेदावरून फुलझाडांचे दोन मोठे गट पाडता येतात, हे ज्यांनी आपल्या ग्रंथांतून मांडले ते होते एक इंग्रज पाद्री, जॉन रे.

रे यांचा जन्म १६२७ साली इंग्लंडातील एसेक्स परगण्यात, ब्लॅक नॉटली नावाच्या खेड्यात झाला. वडील गावचे लोहार. आई झाडपाल्याची जाणकार. मुलगा केंब्रिजला शिकला व तेथेच ट्रिनिटी कॉलेजात अध्यापक झाला. मध्ये एक मोठे दुखणे आले. प्रकृती सुधारावी म्हणून ते रानात फिरू लागले आणि झाडांनी त्यांना वेड लावले. पण वनस्पती शिकवील असा गुरू केंब्रिजमध्ये मिळेना! मग स्वतःच हिंडून, पाहून, ताडून त्यांनी १६६० साली त्या भागातील वनस्पतींची सूची छापली. त्याच वर्षी पाद्र्याची दीक्षाही घेतली.

दोनच वर्षांनी कसोटीचा प्रसंग आला. मागच्या राजवटीत पुष्कळांनी धर्माविषयी एक शपथ घेतली होती. १६६२ च्या कायद्याने फर्मावले की, ती शपथ कुणावरही बंधनकारक नाही, असे लिहून द्या. रे यांनी स्वतः ती शपथ घेतलीच नव्हती. सही केली असती तर त्यांचे काय बिघडले असते? पण दुसऱ्याने दिलेला शब्द फोल आहे, असे आपण कोण सांगणार, असे त्यांच्या मनाने घेतले. सही दिली नाही. नोकरी गेली.

तेव्हा फ्रान्सिस विलुबी हे त्यांचे शिष्य आणि मित्र पाठीशी उभे राहिले. दोघे युरोपभर हिंडले. विलुबी १६७२ साली वारले, पण जाताना गुरूला वर्षाला ६० पौंड मिळतील अशी तजवीज करून गेले. त्यावर संसार चालवीत रे पुढे आपल्या खेड्यात येऊन राहिले. तेथेच ‘हिस्टोरिया प्लँटॅरम’ हा तीन खंडांचा ग्रंथ १६८६ ते १७०४ या काळात पुरा झाला. त्यात सुमारे १८ हजार वनस्पती आहेत. आपल्याकडच्याही आहेत बरं का! कोचीनला डचांनी तयार करविलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथातून रे यांनी त्या घेतल्या. त्या कामात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट हे कोंकणी वैद्यही होते.

रे यांची पहिली सूची अक्षरानुक्रमे होती. शोधायला सोपी, पण तीत नात्याची झाडे दूर पडत. पुढे त्यांनी फूल, फळ, पान, बी सारे पाहून कुळे लावली. जात म्हणजे काय, तेही सांगितले. एकाच झाडाच्या बिया काळ्या रानात पेरा की मुरमाड माळावर, एक ताट उंच होईल, एक खुजे राहील. पण जात एकच. बियांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरते ती जातीची खूण.

१७०५ साली रे वारले. त्यानंतर दोन वर्षांनी लिनिअसचा जन्म झाला. पुढे त्याने पुंकेसर मोजून झाडांचे वर्ग पाडले. ती रीत सोपी होती, म्हणून फार चालली. पण अनेक लक्षणे एकत्र पाहण्याची रे यांची दिशाच पुढच्या शास्त्रज्ञांना अधिक उपयोगी पडली. आज त्यांच्या दोन गटांतही दुरुस्त्या झाल्या आहेत, तरी मक्याचे कूळ निराळे, हे कायम आहे.

गुरुजी, उद्या शाळेत मूठभर हरभरा अन् मका भिजत घाला. नावे मागाहून सांगा. आधी पोरांना दाणे चोळून पाहू द्या.