भोगवट्याचा दाखला

वरळीच्या एका वसाहतींतील रहिवासी १९९९ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेले, ते घरासाठीं नव्हे, पाण्यासाठीं. तेथें त्यांचा संसार सुमारें दहा वर्षें चालला होता. परंतु महापालिकेची नळजोडणी कांहीं मिळेना. न्यायालयानें उत्तर दिलें कीं, बांधकामच बेकायदा असल्यामुळें पाणी देववितां येत नाहीं. हा दैवदुर्विलास म्हणावा, तर तसेंही नाहीं. पालिकेची मंजुरी होती ती पांचसहा मजल्यांची. पैकीं एक इमारत वीस मजल्यांपर्यंत चढली. काम थांबविण्याची नोटीस १९८४ च्या नोव्हेंबरांतच निघाली होती. पुढें २०१३ च्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानेंही रहिवाशांचें म्हणणें फेटाळलें, आणि सुधारित नकाशे मंजूर झालेले नाहींत हें घेणारांस ठाऊक होतें, असें नमूद केलें. पैशांसाठीं त्यांनीं बिल्डरांविरुद्ध दाद मागावी, एवढाच मार्ग उरला. २०१४ च्या जूनमध्यें अनधिकृत मजल्यांची वीज व गॅस तोडण्यांत आला.

याआधीं, १९९१ मध्यें, ‘प्रतिभा’ या छत्तीस मजली इमारतीचे वरचे आठ मजले पाडण्याचा हुकूम त्याच न्यायालयानें कायम केला होता. भूखंडाच्या मानानें किती चटईक्षेत्र बांधावें याची जी मर्यादा असते, ती तेथें ओलांडली गेली होती. हें उदाहरण डोळ्यांसमोर असतांही सुशिक्षित गुंतवणूकदार फसतो, तो बहुधा स्वस्ताईला. आणि “दंड भरला कीं सगळें नियमित होतें” या आश्वासनाला. तो दस्ताची नोंदणी झाल्याचें दाखवितो, घरपट्टीची पावती पुढें करतो. पण नोंदणी होते ती व्यवहाराची, बांधकामाच्या वैधतेची नव्हे. आणि अनधिकृत इमारतीवर कर आकारला म्हणून ती अधिकृत ठरत नाहीं, हें पालिकेच्या कायद्यांतच स्पष्ट आहे.

पाहावयाचे कागद वेगळे आहेत. मंजूर नकाशा हा पहिला. दुसरें बांधकाम सुरू करण्याचें प्रमाणपत्र. मुंबईंत तें प्रायः आधीं जोत्यापर्यंतच मिळतें, वरच्या मजल्यांसाठीं पुढें वाढवून घ्यावें लागतें. तेव्हां तें आहे किंवा नाहीं एवढेंच विचारून भागत नाहीं. कितव्या मजल्यापर्यंत आहे, तें वाचावें लागतें. अखेरचा भोगवट्याचा दाखला. तो कधीं कधीं इमारतीच्या कांहीं भागापुरताच दिलेला असतो, आणि विक्रेता तोच कागद अभिमानानें दाखवितो! नव्या प्रकल्पांचे मंजूर नकाशे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यामुळें महारेराच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहतां येतात. जुन्या घराच्या बाबतींत मात्र सोसायटीच्या दप्तरांत व पालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागांत खेपा घालाव्या लागतात. “वीस वर्षें लोक राहताहेत, कोणी विचारलें नाहीं,” असें तेथें हटकून ऐकूं येतें. ऐकून घ्यावें, आणि नकाशा हातीं धरून मजले मोजावे.