सनद आणि वहिवाट



 विद्यापीठीय संशोधनातून उभ्या राहिलेल्या उद्योगांचा वार्षिक आढावा परिषदेच्या अध्यक्षाने घ्यावा, असा आपला शिरस्ता आहे, आणि त्यासाठी टिपणेही मी काढून आणली होती. परंतु ज्या महाड गावी छत्तीस वर्षे कारखान्यात चाकरी केली त्याच गावी बोलावयास उभे राहिल्यावर, जवळजवळ तितकीच वर्षे मनात साठलेली एक तक्रार गिळून आढावा वाचीत बसणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. टिपणे छापील अहवालात येतील.

सनद हाती असणे निराळे आणि वहिवाट असणे निराळे, हे महाडकरांना कोणी शिकवावयास नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला, येथील नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी त्यास अनुसरून आपला ठराव केला, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर सत्याग्रहींसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तोवर तो ठराव दप्तरातच होता. त्या थोर प्रसंगाशी माझ्या कारखानी गाऱ्हाण्याची बरोबरी करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. पण दप्तरातला ठराव आणि ओंजळीतले पाणी यांमधील अंतर मला समजले ते त्या तळ्याकाठी, आणि बाबासाहेबांच्याच नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ साली येथून जवळच लोणेऱ्यास स्थापन झाले तेव्हा मला झालेल्या आनंदात ही समजूतही मिसळलेली होती.

विद्यापीठीय शोधांच्या मालकीवर काल झालेल्या परिसंवादात दोन पक्ष पडले. एक म्हणाला, अमेरिकेने १९८० साली कायदा करून सरकारी पैशातून निघालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांकडे सोपविली तसे आपणही करावे. आपल्याकडे तशा धर्तीचे विधेयक २००८ साली राज्यसभेत आले आणि पुढे मागे घेतले गेले, याचे त्या पक्षास दुःख होते. दुसरा पक्ष म्हणाला, विद्या ही दान करण्याची वस्तू असून तिच्यावर एकस्व (पेटंट) घेणे हेच मुळी पाप आहे. दोन्ही बाजूंची वक्तृत्वे मी मन लावून ऐकली, आणि दोहोंपैकी कोणासही कारखान्यातील रसायनांच्या केटलचे झाकण उघडावे लागलेले नाही अशी माझी खात्री झाली.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका विद्यापीठाने (नाव घेत नाही) रंगधंद्यात लागणाऱ्या एका इंटरमिजिएटची कृती आमच्या कारखान्यास दिली. करारनामा चाळीस पानांचा होता. प्रयोगशाळेत एक लिटरच्या चंबूत ही कृती सुरेख चाले. आम्ही ती दोन हजार लिटरच्या केटलमध्ये घेतली आणि पहिल्याच बॅचला, बाहेरच्या जॅकेटमधून थंड ब्राइन पूर्ण सोडले असतानाही, तापमान आवरेना. कारण शाळकरी भूमितीचे आहे: आकार तोच ठेवून घनफळ दोन हजार पट केले तर पृष्ठभाग केवळ एकशे साठ पटींच्या आत वाढतो, म्हणजे दर लिटरमागे उष्णता बाहेर पडण्यास मिळणारी जागा बारापटीहून अधिक आक्रसते. ही गोष्ट करारनाम्याच्या चाळीस पानांत कोठे नव्हती. ती मला सांगितली पोलादपूरकडच्या एका वाडीतून कामावर येणाऱ्या ऑपरेटरने. तो म्हणाला, "सायेब, चार मानसांचा भात नि वाडीच्या लग्नाचा भात येका जाळावर व्हत नाय. लग्नाच्या टोपाखालचं लाकूड येळेवर वढलं नाय, तं भात आपल्याच वाफेवर गिचका व्हतो." दुसरा घटक एकदम न ओतता आठ तास थोडाथोडा सोडावयाचे आम्ही ठरविले आणि केटल शांत झाली.

माल मात्र पिवळसर उतरे. ज्या विद्यार्थ्याने ती कृती सिद्ध केली होती त्याच्या हातून तो पांढराशुभ्र येई; म्हणजे चंबू हलविताना, गाळताना, धुताना तो जे काही करीत असे ते त्याच्या हातात राहिले होते, कागदावर उतरले नव्हते. त्याला सहा महिने आमच्याकडे धाडावे, पगार व राहण्याची सोय आम्ही करू, असे मी लिहिले. प्रबंध पुरा व्हावयाचा असलेल्या विद्यार्थ्यास कारखान्यात राहू देण्याची नियमांत तजवीज नाही, असा शेरा मारून अर्ज परत आला. आणि जो माल अद्याप एक किलोही विकला गेला नव्हता त्याच्या नफ्यात कोणत्या खात्याचा किती हिस्सा, यावर तेथील समिती अकरा महिने खल करीत राहिली. विद्यार्थी यथाकाल परदेशी गेला. पुढे नूतनीकरणाची फी भरणे थांबले आणि ते एकस्व मुदतीपूर्वीच निवर्तले. विद्यापीठाच्या अहवालात मात्र त्याची गणना त्यानंतरही काही वर्षे चालू होती.

माझी तक्रार इतकीच आहे की आपली विद्यापीठे कागद देतात आणि माणूस ठेवून घेतात. १९७० चा एकस्व कायदा याबाबतीत विद्यापीठांहून शहाणा निघाला. त्याच्या १४६व्या कलमान्वये एकस्वधारकाला आपला शोध या देशात प्रत्यक्ष वापरात आला की नाही याचे निवेदन द्यावे लागते. कायदासुद्धा वहिवाट विचारतो, आणि आपण सनदा मोजतो!

जेथे माणूस गेला तेथे विद्या गेली. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली सुरू केलेल्या रसायन-तंत्रशास्त्र विभागात शिकून तेथेच शिकविणारे केकी घरडा स्वतःच उठून कारखानदार झाले, आणि पुढे आपल्या शेजारच्या लोटे-परशुरामला त्यांच्या कंपनीचा कारखाना उभा राहिला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने रूढ केलेले कोयकलम तर कोकणभर पसरले ते चाकू घेऊन गावोगाव फिरणाऱ्या, तेथे शिकून आलेल्या माळ्यांच्या हातांनी. १९९० नंतर रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेने कलमांना गिऱ्हाईक दिले, आणि किती रोपवाटिकांचे संसार त्यावर चालले ते कोकणच्या रस्त्यांनी जाणाऱ्यास दिसतेच. तेथे कोणी नवोपक्रम केंद्राची फीत कापली नव्हती.

या परिषदेने काय करावे? एक समिती नेमावी, तिने विद्यापीठांशी बोलावे, विद्यार्थ्याच्या कारखान्यातील महिन्यांस प्रबंधात गणना मिळावी, चंबूतले जे मोरीत जाते ते येथे सावित्री नदीस भोगावे लागते याचा हिशेब प्रत्येक कृतीसोबत यावा, असे काही ठराव मी योजिले आहेत. तपशील कार्यकारिणी पाहील.

तोवर एक विनंती. चंबू आणि दोन हजार लिटर यांच्यामधली पायरी म्हणून आम्ही त्या काळी घेतलेली पन्नास लिटरची एक केटल, आतली काच न उडालेली आणि मोटर चालू असलेली, माझ्या घरामागच्या पडवीत आहे. ज्या विद्यापीठास ती ठेवावयास जागा असेल त्याने ट्रक धाडावा. हमाली मी देईन.