क्षयरोगी कोठे आहेत?



बंगळूरच्या बल्लारी रस्त्यावर ‘अ‍ॅव्हलॉन’ नावाची म्हैसूरच्या राजघराण्याची एक जुनी वास्तू आहे. १६ सप्टेंबर १९६० रोजी तेथे राष्ट्रीय क्षयरोग संस्थेचे उद्‌घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. हे रुग्णालय नव्हे. भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या सहकार्याने येथे डॉक्टर, संख्याशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्राचे अभ्यासक एकत्र बसून एकाच प्रश्नाचा विचार करीत होते.

तो प्रश्न असा. १९५५ ते १९५८ या काळातील देशव्यापी पाहणीने क्षय हा केवळ शहरांचा रोग नसून खेड्यांतही तो तितकाच पसरला असल्याचे दाखवून दिले होते. पुढे १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या मद्रासच्या प्रयोगाने, गोळ्या नियमित घेतल्यास घरी राहूनही रोगी आरोग्यधामातल्याइतकाच बरा होतो, हे सिद्ध केले. खाटांची अडचण दूर झाली. परंतु लाखो खेड्यांत विखुरलेले रोगी शोधावयाचे कसे? खेडूत अडाणी, दैववादी. तो आपणहून येणार नाही, क्ष-किरण यंत्रे घेऊन आपणच दारोदार गेले पाहिजे, असे बहुतेकांचे मत होते. ज्यांनी खेडुताला कधी विचारलेच नव्हते, त्यांचे हे मत, हे येथे नमूद केलेले बरे!

डॉ. देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी ते विचारले. तुमकूर जिल्ह्यात, क्ष-किरण तपासणीत ज्यांच्या फुप्फुसांत दोष आढळला होता अशा माणसांकडे आणि तुलनेसाठी निर्दोष माणसांकडेही जाऊन त्यांच्या प्रकृतीची चौकशी करण्यात आली. १९६३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष चकित करणारे होते. बहुतेक रोग्यांना आपल्या खोकल्याची, तापाची जाणीव होती. अनेकांना त्याची काळजीही लागली होती. आणि निम्म्याहून अधिक जण पायपीट करून दवाखान्यात जाऊनही आले होते. तेथे त्यांना बहुधा खोकल्याच्या औषधाची एक बाटली मिळाली आणि ते घरी परतले. थुंकी कोणी तपासली नाही. अज्ञान होते, पण ते टेबलाच्या अलीकडे नव्हे, पलीकडे!

या विचारातूनच १९६२ च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची आखणी झाली: जिल्हा हा घटक, आरोग्य केंद्रात सूक्ष्मदर्शक, रेंगाळलेला खोकला असणाऱ्या प्रत्येकाच्या थुंकीची तपासणी आणि घरी विनामूल्य औषधे. त्या वेळी बंगळूरला कार्यरत असलेले डॉ. हाफडान माहलर १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक झाले.

आखणी उत्तम, अंमलबजावणी मात्र दुबळी. १९९२ च्या आढाव्यात औषधांचा तुटवडा, अपुरा निधी, उपचार अर्धवट सोडणारे रोगी आणि क्ष-किरणांवरच अवाजवी भिस्त असे दोष आढळले. थुंकी पुन्हा मागेच पडली होती. त्यानंतर सुधारित कार्यक्रमाचे प्रयोग १९९३ पासून सुरू झाले, १९९७ पासून तो देशभर टप्प्याटप्प्याने नेण्यात आला, आणि दोन आठवडे खोकला असणाऱ्याची तपासणी करावी हा नियम आता गावच्या आरोग्यसेविकेलाही ठाऊक आहे.